परगसाचा वाफा

दुकानातला डबा चेपला की तो गिऱ्हाइकाला द्यायचा नाही, घरी आणायचा, असा माझ्या सासऱ्यांचा नियम होता. त्यामुळे लग्न होऊन लोणावळ्याला आल्यावर पहिल्या दोन महिन्यांतच मी अशा वस्तू खाल्ल्या, ज्यांची नावंही तळेगावला माहेरी कधी ऐकली नव्हती. चेपलेल्या डब्यातले पीच, चेपलेल्या डब्यातले मासे, आणि एकदा नुसतंच घट्ट गोड दूध. ते मी चमच्याने खात होते तेव्हा सासूबाई दारात आल्या, मला पाहिलं आणि काही न बोलता परत फिरल्या. त्या दिवसापासून मला सासरची भीती थोडी कमी वाटायला लागली.

आमचं दुकान बाजारात होतं. मुंबईचे श्रीमंत लोक उन्हाळ्यात बंगल्यांवर राहायला येत, रेल्वेचे गोरे साहेब बारा महिने असत, त्यांच्यासाठी हा सगळा विलायती माल लागे. घर मात्र बाजारापासून लांब, कुसगावच्या अंगाला. मागे विहीर आणि विहिरीपाठीमागे बऱ्यापैकी मोठी परसबाग. घरात सासरे, सासूबाई, माझा नवरा आणि मी. सासऱ्यांना सगळे अब्बा म्हणत, सासूबाईंना अम्मा. या हाका आणि नमाज-रोजा सोडला तर आमच्या घरात मराठीच चाले, आणि अम्मांचं रागावणं तर अस्सल मावळी होतं.

एक दिवस अब्बा एक उंच, चेपलेला डबा घेऊन आले. वर फितीने बांधलेल्या पांढऱ्या कांड्यांचं चित्र होतं. नवऱ्याने डबा फोडला. आत खाऱ्या पाण्यात तशाच पांढऱ्या कांड्या उभ्या होत्या.

"मेणबत्त्या आहेत का?" अम्मांनी विचारलं.

अब्बांनी एक उचलून खाल्ली. मग दुसरी. मग आम्हा सगळ्यांना एकेक दिली. मला ती उकडलेल्या शेंगेसारखी मऊ आणि खारट लागली, फार काही वाटलं नाही. अब्बा मात्र डब्यातलं उरलेलं पाणीसुद्धा चपातीला लावून खात होते.

"तीस वर्षं हा डबा विकतोय मी," ते म्हणाले. "आत काय आहे ते आज कळलं."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी दुकानात आलेल्या एका बंगल्याच्या कुकला विचारलं. हा कुक गोव्याचा, गोऱ्या साहेबांकडे राहून शिकलेला. त्याने सांगितलं की ही भाजी झाडाला लागत नाही, जमिनीतून कोंब वर येतो, बांबूला येतो तसा. नाव ॲस्परॅगस.

"बांबू तर आपल्याकडे रानभर आहे," अब्बा घरी येऊन म्हणाले. "मग हे का येऊ नये?"

मुंबईहून माल आणणाऱ्या माणसाकडून त्यांनी बियांची पुडी मागवली. अम्मांना ते लांबलचक नाव काही जमेना, त्यांनी त्याचं 'परगस' करून टाकलं आणि पुढे आमच्या घरात तेच नाव राहिलं. पुडीवर सगळं इंग्रजीत लिहिलेलं, म्हणून अब्बांनी स्टेशनवरच्या तारबाबूंना रविवारी चहाला बोलावलं. मी आत चहा गाळत होते, तिथून सगळं ऐकू येत होतं.

"बी एक दिवस पाण्यात भिजवा," तारबाबू वाचत होते. "बोटाच्या पेराएवढं खोल पेरा. हे झाड मूळचं समुद्रकाठचं, तेव्हा रोपं मोठी झाली की वाफ्यात थोडं मीठ टाकलं तरी चालतं. आणि तोडणी तिसऱ्या वर्षी."

"तिसऱ्या आठवड्यात," अब्बा म्हणाले.

"नाही, वर्षी."

"पुन्हा एकदा बघा बरं."

तारबाबूंनी पुन्हा पाहिलं. "तिसऱ्याच वर्षी," ते म्हणाले. "पहिली दोन वर्षं कोंबाला हात लावायचा नाही, असंही लिहिलंय."

माझ्या शेजारून अम्मा ओरडल्या, "तीन वर्षांत पोर चालायला, बोलायला लागतं!"

अब्बांनी बी पेरलं. मेथीच्या वाफ्याशेजारचा तुकडा त्यांनी स्वतः खणला, खडे वेचले, शेणखत घातलं. बी काळं, टणक, मिरीपेक्षा थोडं लहान. रोज पहाटे फजरची नमाज झाली की ते वाफ्याशी जाऊन उभे राहत. पंधरा दिवस गेले, वीस दिवस गेले, माती जशीच्या तशी. अम्मा म्हणू लागल्या की मुंबईच्या त्या माणसाने मिरीच विकली.

आता माझी चूक सांगते. मला त्या घरात येऊन जेमतेम तीन महिने झाले होते. आपण कामसू आहोत हे अम्मांना दिसावं, असं फार वाटे. एका दुपारी त्या लवंडल्या होत्या, म्हणून मी परसात गेले आणि मेथीचा वाफा निंदून काढला. शेजारच्या तुकड्यातही केसासारखे बारीक हिरवे धागे उगवलेले दिसले. गवतच ते. मी तेही उपटलं. निम्मा तुकडा आरशासारखा स्वच्छ केला आणि कचरा कुंपणापाशी टाकून हात धुतले.

संध्याकाळी अब्बा आले आणि सरळ परसात गेले. मग ते मागच्या दारात आले.

"वाफा कोणी निंदला?"

अम्मा म्हणाल्या, "मी नाही बाई." माझा नवरा तर दुकानातच होता. मी दाराआडून कशीबशी म्हटलं, "मी."

तोवर मी सासऱ्यांशी समोरासमोर एक शब्दही बोलले नव्हते. आता ते ओरडतील, मला माहेरी पाठवतील, असं काय काय मनात आलं. डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढून मी उभी राहिले.

"कचरा कुठं टाकलास, बेटी?" त्यांनी विचारलं.

मी कुंपणाकडे बोट दाखवलं. ते तिथे जाऊन उकिडवे बसले आणि त्या ढिगातून एकेक काडी निवडू लागले. मग मान वर करून म्हणाले, "माझी नजर अधू झालीय. तू ये. ज्याच्या बुडाशी काळा दाणा असेल ते आपलं."

अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं गवत निवडत बसलो. मला सतरा धागे सापडले, त्यांना चार. ते सगळे त्यांनी काडीने भोक पाडून पुन्हा लावले आणि मला विहिरीचं पाणी ओंजळीने घालायला सांगितलं. मला रडू येत होतं. ते पाहून म्हणाले, "अगं, वीस दिवस मी रोज इथे येऊन बघत होतो, पण उगवलेलं मला दिसलंच नाही. तुला निदान दिसलं तरी."

लावलेल्यांतले नऊ जगले. न उपटलेले होते ते धरून सगळी मिळून तेवीस रोपं झाली. त्या दिवसापासून परगसाची निंदणी माझ्याकडे आली.

पावसाळा जवळ आला तशी अब्बांची झोप उडाली. लोणावळ्याचा पाऊस ज्याने पाहिला त्याला सांगायला नको. आषाढात तर आमच्याकडे भिंतीलाही शेवाळ चढे. ती नाजूक, मोराच्या पिसाऱ्यासारखी रोपं त्यात कुजणार हे उघड होतं. औंढ्याहून एक मावशी आमच्याकडे उन्हाळ्यात लाकडाची मोळी आणि पावसाळ्यात रानभाजी घेऊन यायची. अब्बांनी तिला सहा इरली आणायला सांगितली. लावणीच्या वेळी शेतातल्या बाया पाठीवर घेतात ती पळसाच्या पानांची इरली.

"सहा?" मावशी म्हणाली. "एवडी मान्सं शेतात कुटं निगाली, आबा?"

"माणसांना नकोत. रोपांना हवीत."

मावशीने अम्मांकडे पाहिलं. अम्मांनी कपाळावर हात मारला.

इरली आली. अब्बांनी वाफ्याभोवती पाणी जायला चर खणला आणि खुंट्या ठोकून इरली वर बांधली. लांबून पाहिलं तर आमच्या परसात सहा बाया ओणव्या होऊन भात लावताहेत असंच वाटे. एकदा रस्त्याने जाणारा कुणी माणूस धो धो पावसात थांबून ओरडला, "ओ बायांनो, कुसगावची वाट हीच का?" कुणी उत्तर देईना तेव्हा तो चिडून काहीतरी पुटपुटत निघून गेला. खिडकीत उभ्या असलेल्या अम्मा इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं.

पाऊस सरल्यावर रोपं काढून मोठ्या वाफ्यात हात-हात अंतरावर लावली. त्याच हिवाळ्यात मला मुलगा झाला. औंढ्याची मावशी त्याला बघायला आली, तशी परसात डोकावली आणि म्हणाली, "ही तर शतावरीच्या जातीची दिसत्यात. शतावरीच्या मुळीनं बाळंतिणीला लय दूध येतंय." अम्मांनी लगेच वाफ्याकडे निराळ्या नजरेने पाहिलं. पुढचे आठ दिवस अब्बा दुकानात जाताना मला बजावून जात, "कुदळ माझ्या खोलीत आहे. कुणी मागितली तर देऊ नकोस." कुणी म्हणजे कोण, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मिठाचं प्रकरण झालं. देशभर मिठाचा सत्याग्रह चालू होता. बाजारातसुद्धा सकाळी मुलं गाणी म्हणत फिरत, आणि जो तो मिठाबद्दलच बोले. नेमक्या त्याच दिवसांत अब्बांना तारबाबूंनी वाचलेलं आठवलं. त्यांनी दुकानातून खडेमिठाचं अर्धं पोतं आणलं आणि वाफ्यावर पसरलं. कुणी पाहिलं आणि कुणी चौकीत सांगितलं हे आम्हाला कधीच कळलं नाही, पण दोन दिवसांनी एक हवालदार दारात उभा. दुकानदार घराच्या मागे मीठ तयार करतो, अशी खबर होती म्हणे.

अब्बांनी त्याला परसात नेलं. मी मुलाला कडेवर घेऊन न्हाणीच्या आडून बघत होते. माती पांढरी फटक दिसत होती.

"हे काय हाय?" हवालदाराने विचारलं.

"मीठ."

"मंजे कबूल करताय तुमी?"

"दुकानातलं मीठ आहे, साहेब. कर भरलेलं."

"मग हितं कसं आलं?"

"मी टाकलं. झाडांसाठी."

हवालदार वाकला, चिमूटभर माती उचलून त्याने जिभेला लावली आणि थुंकला. "सगळं जग मातीतनं मीठ काढाया निगालंय," तो म्हणाला, "आन् तुमी मातीत घालताय?"

अम्मा मागच्या दारातून म्हणाल्या, "हवालदारसाहेब, घेऊनच जा त्यांना. चार दिवस तरी परसात मला कपडे वाळत घालता येतील."

त्यावर तो हसला आणि त्याच्यातला शेतकरी जागा झाला. चौकीचं काम राहिलं बाजूला, त्याने अब्बांना बसवून समजावलं की मिठाने झाड मरतं, त्याच्या गावी खाऱ्या विहिरीपायी एकाचा ऊस गेला होता. अम्मांनी चहा दिला. पुढे कित्येक महिने तो रस्त्याने जाताना कुंपणावरून विचारी, "आबा, मेली का न्हाई झाडं?" झाडं मेली नाहीत. पण अर्ध्या पोत्याने ती चांगलीच पिवळी पडली होती, आणि अब्बांनी कुणाला न सांगता दोन दिवस घागरीमागून घागरी ओतून मीठ धुवून काढलं, हे फक्त मला माहीत होतं.

पुढच्या वर्षी मृग लागला आणि पहिल्या सरींबरोबर औंढ्याची मावशी टोपलीत भाजी घेऊन आली. अब्बा जेवायला घरी आले होते. ओट्यावर टोपली होती आणि तिच्यात हिरव्या, कोवळ्या, टोकदार कोंबांची जुडी. रंग सोडला तर अगदी डब्यातल्या कांड्यांसारखेच.

"हे कुठून आणलंस?" अब्बांचा आवाज बदलला होता.

"रानातनं. शतावरीचं कोंब हायेत. आता चार दिस मिळत्यात, मग न्हाई."

"किती वर्षांनी येतात हे?"

"वर्सं?" मावशी त्यांच्याकडे बघतच राहिली. "पाऊस पडला की येत्यात, आबा. आमी दर साली खातो."

अब्बा ओट्यावर बसले. अम्मांनी तोंडाला पदर लावला, पण हसू काही थांबेना. मला मात्र त्यांच्याकडे बघवत नव्हतं. अम्मांनी ते कोंब कांदा-लसणीवर परतले. किंचित कडसर, पण चवीला फारच चांगले. अब्बा खाली मान घालून जेवले आणि दोनदा भाजी मागून घेतली.

"चांगली आहे," हात धुताना ते म्हणाले. "पण ते हे नाही."

मला वाटलं, आता ते वाफ्याचा नाद सोडतील. पण दुसऱ्या दिवशी मावशी पुन्हा आली तेव्हा ते तिची वाटच पाहत होते. रानातली शतावरी उन्हाळ्यात काय करते, हे त्यांनी तिला विचारलं.

"काय करनार? वाळून जाती. वर काडी बी दिसत न्हाई. खाली मुळ्या जित्या असत्यात, झोपल्यावानी. रानात पानी घालाया कोन जातंय?"

अब्बा माझ्याकडे वळले. "आपण तर रोज पाणी घालतोय, बेटी. झोपूच दिलं नाही त्यांना."

म्हणून त्या वर्षी पाऊस थांबल्यावर त्यांनी पाणी तोडलं. दोन वर्षं मी जपलेली झाडं माझ्यासमोर पिवळी झाली, मग तपकिरी. अब्बांनी एक दिवस विळ्याने ती जमिनीसरशी कापून टाकली. वाफा उघडाबोडका पडला. अम्मासुद्धा त्याबद्दल बोलेनाशा झाल्या. दीड महिना गेला. मग संक्रांतीच्या सुमारास अब्बांनी वर भरपूर शेणखत घातलं आणि विहिरीचं पाणी सोडलं.

पहिला कोंब मला दिसला. सकाळी मुलाचे कपडे वाळत घालत होते, तर मातीला तडा गेलेला आणि त्यातून बोटभर हिरवं टोक वर आलेलं, जांभळट शेंड्याचं. मी धावत घरात आले, तर अब्बा नमाजला बसलेले. मी उंबऱ्यात थांबले. त्यांची नमाज त्या दिवशी संपतच नव्हती. शेवटी त्यांनी सलाम फिरवला आणि मला पाहिलं. काही सांगावंच लागलं नाही, ते तसेच अनवाणी बाहेर आले.

कोंबाकडे पाहून त्यांचा चेहरा उतरला. "हिरवा?"

डब्यातले तर पांढरे होते. आठवडाभरात आणखी कोंब आले, सगळे हिरवे. मुंबईच्या माणसाने भलतंच बी दिलं, अशी अब्बांची खात्री झाली. तीन वर्षांत मी त्यांना इतकं गप्प कधी पाहिलं नव्हतं. शेवटी माझा नवरा स्वतः जाऊन त्या गोव्याच्या कुकला घेऊन आला. कुकने वाफा पाहिला आणि टोपी काढली.

"शेट, हे कुणी लावलं?"

"मी. पण चुकीचं निघालं. पांढरं नाही."

"पांढरं हवं तर वर माती चढवून पुरून ठेवायचं. ऊन लागलं की हिरवं होतं. हिरवंच चांगलं, शेट! ताजं मिळत नाही म्हणून साहेब लोक डब्यातलं खातात."

त्या संध्याकाळी चौदा कोंब कापले. अब्बांनी कापले, मी परातीत धरले. कुकने सांगितलं होतं की खाऱ्या पाण्यात थोडा वेळ उकडायचे आणि वर लोणी सोडायचं. अम्मांना हे अजिबात पटलं नाही. तीन वर्षांनी आलेली भाजी नुसत्या पाण्यात उकडायची? त्यांनी ओल्या खोबऱ्याचं वाटण केलं, आमसूल घातलं, आणि शेवग्याच्या शेंगांचा करतात तसा झणझणीत रस्सा केला. माझा नवरा सवयीने कोंब चोखून चोथा बाजूला काढायला गेला, तर चोथा निघेचना. रस्सा फर्मास होता, पण कोंबाची चव त्यात कुठेच लागत नव्हती.

मी मात्र दोन कोंब मागे ठेवले होते. सगळे जेवून उठल्यावर ते मिठाच्या पाण्यात उकडले, वर लोण्याचा गोळा टाकला आणि अब्बांना हाक मारली. ते चुलीपाशी उभ्याउभ्याच एक खाऊ लागले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ते सावकाश चावत होते आणि डोळ्यांत पाणी आलं होतं, ते गरम होतं म्हणून की कशाने, मला माहीत नाही.

"डब्यात नुसतं मीठच होतं गं," ते म्हणाले. "हे गोड आहे."

दुसरा त्यांनी मोडला. एक तुकडा मला दिला आणि एक घेऊन अम्मांकडे गेले. अम्मांनी खाल्ला, थोडा वेळ विचार केला आणि विचारलं, "उद्या किती येतील?"

पुढे पंधरा वर्षं तरी तो वाफा दर हिवाळ्याच्या शेवटी आम्हाला कोंब देत राहिला. लढाईच्या काळात विलायती डबे यायचे बंद झाले, तेव्हा बंगल्यांतून दुकानात विचारणा होई. अब्बांनी ती भाजी कधी विकली नाही. ओल्या फडक्यात गुंडाळून एखाददुसरी जुडी कुककडे पाठवून देत. हवालदाराची तोवर बदली झाली होती, नाहीतर त्यालाही गेली असती.

एका हिवाळ्यात माझे वडील तळेगावहून आले. ते शाळामास्तर, बागेचा त्यांनाही शौक. त्यांनी कोंब खाल्ले आणि बी मागितलं. अब्बांकडे लाल फळांतून काढलेलं बी डबाभर होतं. पण त्यांनी ते दिलं नाही. त्यांनी दोन वर्षांची आठ रोपं मातीसकट काढली आणि गोणपाटात बांधून दिली.

"बी लावलंत तर तीन वर्षं बसाल, व्याहीबुवा," ते म्हणाले. "त्यातली दोन मी बसलोय. एक तुम्ही बसा."

वडील ते गाठोडं मांडीवर घेऊन गाडीने गेले. वर्षभराने त्यांचं कार्ड आलं. अब्बांना बारीक अक्षर दिसत नसे, म्हणून मीच वाचून दाखवलं. पाच कोंब आले होते. सर्वांनी आवडीने खाल्ले. घरच्या मंडळींनी आमटीत घातले होते.

अब्बांनी जागच्या जागी मान हलवली. "दौत-टाक घे," ते मला म्हणाले, "आणि लगेच लिही. पाच आले, फार आनंद झाला. पण आमटीत घालू नका म्हणावं."